१५६४: मदन महलवरून दिसणारं एक वर्ष

मदन महलला इथले लोक किल्ला म्हणतात. सह्याद्रीत राजगड-तोरणा चढलेल्या माणसाला हे ऐकून आधी हसू येतं. ना तट, ना बुरूज, ना चोरदरवाजा. टेकडीच्या माथ्यावर ग्रॅनाइटचा एक प्रचंड गुंडा आहे आणि त्या गुंड्याच्या पाठीवर दोन मजल्यांची एक आटोपशीर इमारत बसवली आहे. समोर पागा म्हणून दाखवतात त्या कमानी, पाण्याचं एक लहान टाकं, थोडी पडकी बांधकामं. संपला किल्ला. नाव मदनशहा नावाच्या गोंड राजाचं. बांधकामाचा काळ कुणी बारावं शतक सांगतात, कुणी नंतरचा.

पण वर जाऊन चारी दिशांना पाहिलं की इमारतीचा हेतू कळतो. ही राहायची जागा नाही, ही टेहळणीची चौकी आहे. पायथ्याला गढा, म्हणजे गोंड राजांची जुनी राजधानी, जी आता जबलपूर शहराने गिळून टाकली आहे. दक्षिणेला टेकड्यांपलीकडे नर्मदा. उत्तरेला दमोहकडून येणारी वाट. आमच्या भाषेत सांगायचं तर उत्तम ऑब्झर्वेशन पोस्ट. ज्याने ही जागा निवडली त्याला जमीन वाचता येत होती.

या टेकडीवर बसून एकच वर्ष नीट पाहायचं ठरवलं, तर ते वर्ष १५६४. हे वर्ष सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. १५२६ लक्षात राहतं, १५५६ राहतं, १५६५ची तालीकोटची लढाई राहते, १५७६ची हळदीघाटी राहते. १५६४ मधल्या मध्ये निसटतं. पण गढा-मंडल्याच्या राज्याच्या आयुष्यात एवढं मोठं दुसरं वर्ष नाही, आणि बाकी हिंदुस्थानातही त्या बारा महिन्यांत जे घडलं ते पुढची दोनशे वर्षं पुरलं.

सुरुवात दिल्लीपासून करू. जानेवारी १५६४. अकबर एकवीस वर्षांचा आहे. दाईआई माहम अनगा आणि तिचा मुलगा आधमखान दोन वर्षांपूर्वीच संपले आहेत, बैरामखान त्याआधी. म्हणजे तरुण बादशहाच्या डोक्यावरचे सगळे वडीलधारे हात गेले आहेत. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याचं दर्शन घेऊन परतताना, माहम अनगानेच बांधलेल्या खैर-उल-मनाजिल मदरशाच्या गच्चीवरून फुलाद नावाच्या एका गुलामाने त्याच्यावर बाण सोडला. बाण खांद्यात रुतला. फुलादला तिथल्या तिथे ठार केलं आणि दहा-बारा दिवसांत अकबर बरा झाला. पुराना किल्ल्यासमोर हा मदरसा आजही उभा आहे. तो बाण चार बोटं इकडे लागला असता तर पुढचं काहीच लिहायची गरज पडली नसती. पण ते ‘जर-तर’ सोडू. सैन्यात एक गोष्ट पक्की शिकलो, शत्रूच्या नशिबावर योजना बेतू नये.

त्याच वर्षी अकबराने जिझिया उठवला असं अबुल फजल लिहितो. त्याच्या आदल्या वर्षी यात्रेकरूंवरचा कर गेला होता. बदायुनी मात्र जिझियाची माफी बऱ्याच नंतरची सांगतो. काही असो, पाठ्यपुस्तकांत १५६४ आलंच तर या एका ओळीसाठी येतं: उदार धोरणाचा आरंभ. ती ओळ चुकीची नाही. पण त्याच वर्षी त्याच बादशहाच्या सरदाराने, कुरापत काढली नसताना एका शेजारी राज्याचा गळा दाबला, ही दुसरी ओळ तिच्याच खाली छापायला हवी. एकाच वर्षातल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत टाकल्या की वाचणाऱ्याला वाटतं, त्या दोन वेगवेगळ्या माणसांनी केल्या.

तो सरदार म्हणजे ख्वाजा अब्दुल मजीद, किताब आसफखान. गंगेकाठच्या कडा-माणिकपूरचा सुभेदार. आधी कलमबहाद्दर, नंतर तलवारबहाद्दर झालेला माणूस. पन्नाकडचा मुलूख दाबून झाल्यावर त्याची नजर दक्षिणेला वळली. गढ्याच्या खजिन्याची, हत्तींची, वाटांची माहिती काढायला त्याने हेर आणि व्यापारी पाठवले होते, हे स्वतः अबुल फजलच सांगतो. कारण काय, तर संपत्ती. बादशाही तवारिखीत एवढा सरळ कबुलीजबाब क्वचित सापडतो.

आता गढ्याकडे. या राज्याला त्या काळी गढा-कटंगा म्हणत. संग्रामशहाने ते वाढवलं, बावन्न गढांचं केलं. त्याचा मुलगा दलपतशहा. दलपतशहाची राणी दुर्गावती, महोब्याच्या चंदेल घराण्यातली. म्हणजे खजुराहोची देवळं ज्यांच्या पूर्वजांनी बांधली त्या घरातली मुलगी, आणि सून झाली गोंडांच्या घरात. लग्न १५४२ साली झालं असं मानतात. त्या काळच्या राजपूत अभिमानाचा विचार करता हे लग्न साधं नव्हतं; पण चंदेलांचं वैभव उतरलं होतं आणि गोंडांचं चढत होतं. सोयरीक ही तेव्हाही राजकारणच होती.

१५५०च्या सुमारास दलपतशहा वारला. मुलगा वीरनारायण पाच वर्षांचा. दुर्गावतीने मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. आधार कायस्थ आणि मान ब्राह्मण हे तिचे दोन मुख्य कारभारी. राजधानी सिंगोरगडावरून सातपुड्यातल्या चौरागडावर नेली. माळव्याच्या बाजबहादुराने स्वाऱ्या केल्या, त्या परतवल्या. ही सगळी माहिती शत्रूच्या दरबारात लिहिली गेली आहे हे लक्षात ठेवायचं. अबुल फजल तिच्या तिरंदाजीची, बंदुकीच्या नेमाची तारीफ करतो. वाघ आल्याची खबर लागली की तो मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे असं लिहितो. १५६४ साली अबुल फजल स्वतः तेरा वर्षांचा पोरगा होता. म्हणजे त्याने हे ऐकलेलं लिहिलं आहे, आणि ऐकवणारे तिच्याविरुद्ध लढलेले लोक असणार. विरोधी बाजूच्या सिपायांनी आठवणीने सांगितलेली तारीफ मला दरबारी कवीच्या तारिफेपेक्षा जास्त खरी वाटते.

आता आकडे. अबुल फजल म्हणतो, राज्यात २३,००० वस्तीची गावं. त्यातली १२,००० राणीच्या स्वतःच्या शिकदारांकडे, बाकीची मांडलिक जमीनदारांकडे. फौज २०,००० घोडेस्वार आणि १,००० हत्ती. आसफखान आला तो १०,००० स्वारांनिशी. कागदावर पाहिलं तर राणी दुपटीने भारी. पण आसफखान दमोहपर्यंत येऊन ठेपला तेव्हा तिच्याजवळ किती माणसं होती? पाचशे.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती. चूक नाही. २०,००० ही हजेरीपटावरची फौज. ती वर्षभर छावणीत बसलेली नव्हती. गावागावांत, आपापल्या जमीनदाराकडे, आपापल्या शेतात होती. आणि मोगल येताहेत ही बातमी पसरली तेव्हा प्रत्येक जण आधी आपल्या बायकापोरांना जंगलात हलवायला धावला. त्याला भेकडपणा म्हणणं सोपं आहे. पण उभं सैन्य आणि बोलावणं गेल्यावर जमणारं सैन्य यातला फरक हाच असतो: पहिल्याचं घर मागे सुरक्षित असतं, दुसऱ्याचं घर लढाईच्या वाटेतच असतं. आसफखानाने वेग हेच हत्यार केलं. जमण्याआधीच गाठायचं.

आधार कायस्थाने राणीला हा हिशोब स्पष्ट सांगितला. तिचं उत्तर अबुल फजलने नोंदवलं आहे; सारांश एवढाच की इतकी वर्षं हा देश मी सांभाळला, आता पळून जाणं माझ्याने होणार नाही, आणि फौज पांगली हा दोष तुमच्या कारभाराचा आहे. कारभाऱ्यावरचा हा राग मला फार माणसासारखा वाटतो. पुतळ्यांवरच्या राण्या असं बोलत नाहीत.

मग ती गढ्याकडून जंगलात शिरली आणि नर्राईच्या जागेवर येऊन थांबली. हळूहळू दोन हजार माणसं जमली, पुढे पाच हजारांपर्यंत.

नर्राई नाला जबलपूर-मंडला रस्त्याच्या बाजूला, बरेल्याजवळ. एका बाजूला डोंगर, एका बाजूला गौर नदी, एका बाजूला नर्मदा, आणि आत शिरायला एकच चिंचोळी, खोल घळ. मी तिथे दोनदा गेलो आहे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. दोन्ही वेळा एकच विचार आला: निवड चोख आहे, आणि निवड भयंकर आहे. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला थोपवायचं तर अशीच जागा हवी. घोडदळाला इथे पसरता येत नाही, दहा हजारांचं वजन घळीच्या तोंडाशी दहा-वीस घोड्यांवर येतं. पण जी घळ शत्रूला आत येऊ देत नाही ती आपल्यालाही बाहेर पडू देत नाही. मागे नदी, आणि नदीला कधी पूर येईल ते आषाढाच्या हातात. अशा जागेला बाटली म्हणायचं, आणि प्रश्न एकच उरतो: बूच कुणाच्या हातात?

पहिल्या झटक्यात बूच मोगलांच्या हातात गेलं. नजर मुहम्मद आणि आक मुहम्मद या सरदारांनी घळीचं तोंड काबीज केलं; राणीच्या हत्तीदलाचा फौजदार अर्जुनदास बैस तिथे पडला. त्यानंतर राणी स्वतः शिरस्त्राण-चिलखत चढवून हत्तीवर आली. तिने माणसांना घाई करू दिली नाही. शत्रूला आत येऊ द्या, पुरता आत येऊ द्या, मग चारी बाजूंनी उठा. तसंच झालं. मोगलांची तीनशे माणसं पडली, बाकी पळाली, आणि राणीच्या लोकांनी त्यांचा पाठलाग करत घळीबाहेर मजल मारली. लढाईचा पहिला दिवस तिचा होता.

आणि इथे, त्या संध्याकाळी, १५६४ सालातला सगळ्यात महत्त्वाचा तास आला. दिल्लीतल्या बाणापेक्षा महत्त्वाचा, निदान या भागासाठी.

राणीने सरदारांना बोलावून विचारलं, आता काय? तिचं मत होतं की रात्रीच छापा घालावा. कारण उघड होतं. आसफखान स्वतः अजून पुढे आलेला नव्हता, त्याचा तोफखानाही मागे होता. सकाळ झाली की तो येणार, घळीच्या तोंडावर तोफा लावणार, आणि मग आजचा पराक्रम उद्या करता येणार नाही. तिला भूगोल कळत होता, वेळ कळत होती, शत्रूचं पुढचं पाऊल कळत होतं. सरदारांपैकी कुणीही मान्य केलं नाही. लोक आपापल्या मेलेल्यांची क्रियाकर्मं करायला, जखमींना पाहायला गेले. राणीही घळीत परतली आणि ज्यांची माणसं गेली होती त्यांची विचारपूस करत राहिली.

या बैठकीबद्दल पुष्कळ जण लिहून गेले आहेत, आणि बहुतेकांनी सरदारांना दोष दिला आहे. मी तो इतक्या सहज देणार नाही. दिवसभर लढलेली, भुकेली, पाठलागात पांगलेली फौज अंधारात पुन्हा गोळा करणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे. हरलेल्या तुकडीपेक्षा जिंकलेल्या तुकडीला लगेच पुन्हा उठवणं कठीण जातं, कारण तिला वाटतं काम झालं. ऑब्जेक्टिव्ह घेतल्यावर पहिल्या तासात काउंटर-अटॅक येणार हे आम्हाला इतक्या वेळा घोकून घेतात ते उगाच नाही. मनाला ते कधीच पटत नाही, म्हणून घोकावं लागतं. आणि ते बापुडे तर पगारी शिपाई नव्हते. भावाचं प्रेत समोर पडलेलं असताना ‘आधी छापा, मग अग्नी’ हे कोण कुणाला सांगणार?

मला पडतो तो प्रश्न वेगळा आहे. तिने विचारलं का? हुकूम का दिला नाही? माझ्यापुरतं उत्तर असं: ती फौज तिची नव्हती. बारा हजार गावं तिची, बाकीची मांडलिकांची. आणि त्या रात्री घळीत जे पाच हजार होते ते आपापल्या सरदाराच्या मागे आलेले. अशा फौजेत राणीचा शब्द दिवसा हत्तीवरून चालतो, रात्री शेकोटीजवळ सरदाराचा शब्द चालतो. तिचा अधिकार खरा होता, पण त्याला हद्द होती, आणि ती हद्द त्या संध्याकाळी लागली. पुढे ऐंशी वर्षांनी आपल्याकडे शिवाजी महाराजांनी वतनं देण्याऐवजी रोख पगार द्यायचा आग्रह का धरला असेल, याचं एक उत्तर मला नर्राईच्या घळीत सापडतं.

सकाळी आसफखान तोफा घेऊन आला.

राणी सरमान नावाच्या आपल्या हत्तीवर बसली. वीरनारायण, विशीच्या आसपासचा पोर, बाजूला लढत होता. त्याने तीनदा मोगलांना मागे रेटलं आणि तिसऱ्यांदा जखमी झाला. राणीने त्याला सुरक्षित जागी न्यायला सांगितलं. राजाला बाहेर काढताना त्याच्याबरोबर बरीच माणसंही बाहेर गेली. हे नेहमीच होतं. एका जखमीबरोबर चार धडधाकट जातात, आणि जखमी जर राजा असेल तर मग विचारायलाच नको. राणीजवळ तीनशेच्या आसपास लोक उरले. एक बाण तिच्या कानशिलात लागला. तिने तो उपसून फेकला, टोक आत राहिलं. दुसरा मानेत. तोही उपसला. मग शुद्ध हरपली.

शुद्धीवर आली तेव्हा लढाई संपल्यात जमा होती. हत्तीच्या मानेवर आधार बघेला होता. दिवाण आधार कायस्थ वेगळा, हा वेगळा. लोककथांत दोघांचा एकच आधार होऊन जातो. राणीने त्याला सांगितलं, मला मार. त्याला ते जमेना. म्हणाला, हत्ती वेगवान आहे, तुम्हाला बाहेर काढतो. तिने त्याला फटकारलं आणि स्वतःचा खंजीर स्वतःला मारला. तारीख २४ जून १५६४. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर.

कर्नल स्लीमन, तोच ठगांचा बंदोबस्त करणारा, जबलपुरात पुष्कळ वर्षं होता. त्याने लिहून ठेवलं आहे की आदल्या दिवशी जवळपास कोरडी असलेली मागची नदी रात्रीत फुगली आणि माघारीची वाट बंद झाली. त्याने समाधीही पाहिली. जाणारे-येणारे तिच्यावर आसपास सापडणारा चांगल्यातला चांगला पांढरा दगड वाहतात; शेजारचे दोन धोंडे म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे आहेत आणि मध्यरात्री जंगलातून त्यांचा आवाज येतो, असं लोक मानतात, हे त्याने नोंदवलं. नगाऱ्यांचा आवाज मी ऐकलेला नाही. पांढरे दगड मात्र पाहिले आहेत.

दोन महिन्यांनी आसफखान चौरागडावर गेला. वीरनारायण तिथे लढून मेला. गडावर जोहर झाला. चार दिवसांनी दार उघडलं तेव्हा आतल्या राखेत दोघीजणी जिवंत सापडल्या. एका मोठ्या लाकडाच्या आडोशामुळे वाचल्या होत्या. एक राणीची बहीण कमलावती. दुसरी वीरनारायणासाठी वधू म्हणून आणलेली मुलगी, लग्न व्हायचं राहिलेली. दोघींना आग्र्याला पाठवलं. त्यांचं पुढे काय झालं हे लिहिण्याची गरज दरबाराला वाटली नाही. त्या वर्षीच्या मृत्यूंची यादी करायला बसलो तर मला या दोन जगलेल्या बायकांपाशी जास्त वेळ अडखळायला होतं.

आसफखानाला गडावर अलाउद्दीनच्या वेळच्या सोन्याच्या मोहरांनी भरलेले शंभरेक हंडे मिळाले, जडजवाहीर मिळालं आणि हजार हत्ती. बादशहाकडे त्याने हत्ती पाठवले दोनशे. बाकीचा माल दाबला. तो हिशोब निघाला तेव्हा हा विजयी वीर बंडखोर होऊन पळत सुटला; पुढे माफीही मिळवली. खुद्द अकबर त्या पावसाळ्यात नर्राईपासून फार लांब नव्हता. हत्तींच्या शिकारीच्या निमित्ताने नरवरकडे आणि तिथून अब्दुल्लाखान उझबेकाचं बंड मोडायला मांडूला गेला होता. वर्ष संपताना त्याला हसन आणि हुसेन अशी जुळी मुलं झाली आणि महिनाभरात दोन्ही गेली. राणीच्या शापाची गोष्ट यावर कुणी रचली असती तर नवल नव्हतं, पण मला तशी गोष्ट इथे ऐकायला मिळाली नाही. लोकांची सभ्यता असेल.

त्याच बारा महिन्यांत आपल्या दक्षिणेकडे काय चाललं होतं? विजयनगरची परंपरा मानते की पुरंदरदास त्याच साली, १५६४त, हंपीला वारले. कर्नाटक संगीताचा हा मूळपुरुष आमच्या पुरंदर गडाजवळचा, असं मानणारा एक पक्ष आहे. म्हणजे त्यांनी वैभवातली हंपी पाहिली आणि वर्षभराच्या अंतराने तिची राख पाहायचं टळलं. कारण तेव्हाच अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर, आयुष्यभर एकमेकांशी भांडलेली ही चार घरं, एक होत होती. ती एक झाली सोयरिकींनी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. डिसेंबर १५६४मध्ये या फौजा दक्षिणेला निघाल्या. २३ जानेवारी १५६५ला तालीकोटची लढाई झाली आणि रामरायाचं डोकं भाल्यावर चढलं. तिथेही तोफांनीच निकाल लावला.

आंदणात सोलापूर घेऊन गेलेली ती मुलगी म्हणजे चांदबिबी. एका राणीने नर्राईला खंजीर घेतला त्याच सुमारास दुसरी नवरी होऊन विजापूरला चालली होती. तीस-एकतीस वर्षांनी, १५९५च्या अखेरीस, त्याच अकबराची फौज अहमदनगरच्या तटाला भिडली. मोगलांच्या सुरुंगाने तट फुटला तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून काढली. दुर्गावतीला जी रात्र मिळाली नाही ती चांदबिबीला मिळाली. पुढे तिलाही मारलं ते मोगलांनी नाही, तिच्याच लोकांनी. नगरला माझ्या पोस्टिंगच्या दिवसांत मी त्या तटावरून पुष्कळ फिरलो. तेव्हा नर्राई माहीत नव्हती, नाहीतर वेगळ्या नजरेने फिरलो असतो.

उरलेल्या जगाचा हिशोब चार ओळींत. फेब्रुवारीत रोमला मायकेलअँजेलो गेला; त्याच्या तीन दिवस आधी पिसात गॅलिलिओ जन्मला. एप्रिलमध्ये शेक्सपिअरचं बारसं झालं. मे महिन्यात जिनिव्हात कॅल्विन गेला. युरोपच्या इतिहासाची पुस्तकं या वर्षाला संधिकाल मानून हळवी होतात. आपल्याकडे त्या वर्षाची इतकी सुबक मांडणी होत नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच माणसांच्या मृत्यूच्या तारखा लिहिणारा माणूस मारणाऱ्याच्या पगारावर होता.

गढ्याचं राज्य १५६४ला संपलं नाही. १५६७च्या सुमारास अकबराने दलपतशहाचा भाऊ चंद्रशहा याला गादी दिली, पण बदल्यात दहा गढ घेतले. राज्य जगलं, पाय तोडलेल्या घोड्यासारखं. पुढे मंडला राजधानी झाली. आणि त्यानंतरचा भाग आम्हा मराठ्यांना फारसा सांगितला जात नाही. १७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्याने मंडल्यावर स्वारी केली. गोंड राजा महाराजशहा त्यात मारला गेला. मुलाला गादीवर बसवून वर्षाला चार लाख चौथाई ठरवली. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी राज्यच ताब्यात घेतलं. शेवटचा राजा नरहरशहा सागरजवळच्या खुरईच्या किल्ल्यात कैदेत मेला, १७८९ साली. आसफखानाने जखमी केलेलं राज्य पुरलं ते आपण. उत्तरेच्या स्वाऱ्यांच्या आपल्या वर्णनांत मंडला म्हणजे वाटेतला एक मुक्काम असतो. इथल्या गोंड माणसाशी बोलताना हे मनात ठेवलेलं बरं. तो बहुधा काही म्हणत नाही. त्याच्या हिशोबात मोगल आणि मराठे हे एकाच रकान्यात असतात आणि आपल्याला मात्र ते ऐकून धक्का बसतो.

याच घराण्यातला शंकरशहा १८५७मध्ये कंपनीचा पेन्शनर म्हणून गढ्याजवळ पुरव्याला राहत होता. ५२व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांशी संधान बांधल्याचा आरोप, आणि पुरावा म्हणून घरात सापडलेलं देवीच्या प्रार्थनेचं एक कवन. १८ सप्टेंबर १८५७ला त्याला आणि त्याचा मुलगा रघुनाथशहाला जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री ५२वी पलटण हत्यारं घेऊन निघून गेली. पलटणीने बापलेकांच्या हयातीत उठावं की नाही याचा निर्णय लांबला होता, आणि तो निर्णय शेवटी इंग्रजांनीच करून दिला. ही लढाई स्वतंत्र लेख मागते, तेव्हा इथे थांबतो.

जबलपूर आज तोफांचं गाव आहे. इथल्या गन कॅरेज फॅक्टरीची उभारणी १९०४ची. ‘धनुष’ हॉवित्झर इथेच तयार होते. कारखान्यातल्या एका जुन्या फिटरला मी एकदा नर्राईची गोष्ट सांगितली. तो गोंड होता, आणि गोष्ट त्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. त्याने फक्त एकच दुरुस्ती सुचवली: “साहेब, तोफा नव्हत्या असं म्हणू नका. तोफा होत्या. सकाळपर्यंत पोचल्या नव्हत्या.” मी म्हटलं, अहो, त्या आसफखानाच्या. तो म्हणाला, “हो, तेच सांगतोय.”

ज्यांना जागा पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी: मदन महल पहाटे चढा, उन्हाआधी, खाली उतरताना तोलशिळा पाहा, एका दगडावर दुसरा अलगद टेकलेला, २२ मे १९९७च्या भूकंपातही न हललेला. मग शहरातली तळी. राणीताल राणीचं, चेरीताल तिच्या दासीचं, आधारताल दिवाण आधार कायस्थाचं. पहिल्या दोहोंत आता पाण्यापेक्षा वस्ती जास्त आहे, आधारतालात अजून पाणी आहे. नर्राईला २४ जूनला गर्दी असते, भाषणं असतात, मांडव असतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात जा. पहिला मोठा पाऊस झालेला असेल तर उत्तम. घळीच्या तोंडाशी उभं राहा, नाल्याकडे पाहा, आणि मागची नदी किती वेळात चढते ते घड्याळ लावून बघा.